ढोलावरचा मोर

मास्तरांनी भिंतीतली वायर उपटली. जालिंदरची पेटी गाण्याच्या मध्येच मुकी झाली.

"विजेवर चालतंय ते पिठाच्या गिरणीत न्या," मास्तर म्हणाले. "माझ्या बँडात फुंकून वाजवायचं. ज्याच्या छातीत हवा न्हाई त्यानं घरी बसायचं."

तालमीमागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही बाराजण होतो. चैत्र लागला होता. पंधरा दिवसांवर पहिलं लग्न होतं आणि आम्ही सरावाला जमलो होतो. ज्ञानू मास्तर तेव्हा बासष्ट वर्षांचे. कॉर्नेट वाजवायचे. त्यांच्या वडिलांनी बँड काढला, त्यांनी वाढवला, पंचक्रोशीत 'ज्ञानू मास्तर ब्रास बँड' म्हटलं की लग्नाची तारीख पुढेमागे करणारी माणसं होती. जालिंदर त्यांचाच चेला. दहावी झालेला, क्लॅरिनेट चांगली वाजवणारा, वय तिशीच्या आत. कोल्हापुराहून त्यानं ती विजेवरची पेटी आणली होती, आणि हातगाडीवर कर्णे बांधून एक गाणारी बाईही आणायची म्हणत होता.

"मास्तर, जमाना बदलला," जालिंदर म्हणाला. "मार्च ऐकायला आता कोण थांबतंय? पोरांना नाचायला पाहिजे."

"मग पोरांना नाचव. तुला कोण धरलंय?"

"मी एकटा न्हाई. आठजण हायत."

मास्तरांनी सगळ्यांकडे पाहिलं. आठजणांनी आपापली वाद्यं पुसायला घेतली. वाद्यं स्वच्छच होती.

"जावा," मास्तर म्हणाले. "नाव हितंच राहील."

जालिंदर हसला. "नाव ढोलावर हाय, मास्तर. ढोल कुणाचा?"

तेव्हा सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले.

आमच्यात रीत होती. कॉर्नेट, क्लॅरिनेट, तुतारी ही बँडाची, पण मोठा ढोल ढोलवाल्याच्या घरचा. बँडाचं नाव रंगवायचं ते त्या ढोलाच्या कातड्यावर, कारण रस्त्यात लांबून दिसतो तो ढोल. म्हणून ढोल जिथं, नाव तिथं. ही रीत मास्तरांच्या वडिलांनीच घातली होती, ढोलवाल्याला कुणी उगाच हाकलू नये म्हणून. ढोल माझ्या बापाचा होता. वीस वर्षं मी तो पोटावर बांधून चालत होतो. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. अक्षरांच्या वर पिसारा फुलवलेला मोर होता, तो मला ओळखू यायचा. मला विचाराल तर बँडाचं नाव म्हणजे तो मोर.

"कोंड्या," मास्तर म्हणाले, "ढोल उचल. चल."

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. दोन पोरींचा बाप. त्यांनी 'येतोस का' असं विचारलं असतं तर मी गेलो असतो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं काय ते सांगता येत नाही. त्या वेळी मला आठवला तो दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक दिवस. मास्तरांचं कॉर्नेट बाकावर पडलं होतं आणि मी ते ओठाला लावलं होतं. एक सूर निघालाही होता. मास्तर दारातून म्हणाले होते, "ठेव ते. ढोलाला तोंड लागत न्हाई, हात लागत्यात. देवानं तुला तेवढंच दिलंय." खोलीत सगळे होते. सगळे हसले. मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं कॉर्नेटचं तोंड तीनदा पुसलं होतं.

मी ढोल उचलला नाही.

"जालिंदर," मी म्हणालो, "नाव बदलायचं न्हाई. मोर हाय तसा राहील. कबूल असंल तर मी हितंच हाय."

जालिंदर उठला आणि त्यानं माझ्या ढोलावर हात ठेवला. "तात्या, ह्या ढोलाची आण. नाव ऱ्हाईल."

मास्तरांनी कॉर्नेट फडक्यात गुंडाळलं. त्यांच्याबरोबर निघाले ते दोघं, दोघंही त्यांच्याच वयाचे. दारात पोचल्यावर जालिंदर मागून म्हणाला, "मास्तर, नवा बँड काढला तर तुमी न्यू लावा."

ही पण रीतच होती. बँड फुटला की फुटून जाणाऱ्यानं नावाच्या आधी 'न्यू' लावायचं. तालुक्यात दोन-तीन न्यू होते. पण ते सगळे पोरांचे.

"बासष्टाव्या वर्षी न्यू," कुणीतरी म्हणालं आणि खोली हसली. मीही हसलो. माझं हसणं मास्तरांना वेगळं ऐकू गेलं असणार. वीस वर्षं माझा ठेका ऐकलेला माणूस तो.

---

त्या हंगामात बँड जोरात चालला. हातगाडीवर कर्णे आले, गाणारी बाई आली, लाल कोट जाऊन चकचकीत पांढरे झगे आले. मार्च बंद झाले. मास्तरांनी स्वतः बसवलेली पाठवणीची एक धून होती. नवरी गाडीत बसताना ती वाजली की मांडवातली म्हातारी बाईसुद्धा पदर डोळ्याला लावायची. जालिंदरनं तीही काढून टाकली.

"आता कोण रडतंय, तात्या? नवरी हसत गाडीत बसती."

माझा ढोल कर्ण्यांपुढे ऐकू येत नव्हता. मी वाजवायचो, हाताला कळायचं, कानाला नाही. एकदा मी मुद्दाम चार ठेके सोडून पाहिले. कुणीही मागे वळलं नाही. पण ढोल पुढेच असायचा. हातगाडीच्याही पुढे. "तात्या, नाव पुढं पाहिजे," जालिंदर म्हणायचा. मी छाती काढून चालायचो.

दिवाळीनंतर ढोलाचं एका बाजूचं कातडं फाटलं. जालिंदर म्हणाला, "तालुक्याला नेतो. दोन्ही कातडी नवी घालू. नावबी उजळून आणतो."

आठ दिवसांनी ढोल आला तो चादरीत गुंडाळून. चादर काढली तेव्हा मोर असा झळकला की मी बघतच राहिलो. निळा, हिरवा, मानेवर सोनेरी. खाली लालभडक अक्षरं, पहिल्यापेक्षा मोठी. भोवती सगळे उभे होते. तुतारीवाला रामू खोकायला लागला.

"काय झालं रं?" मी विचारलं.

"काय न्हाई तात्या. मोर झकास झालाय."

मग दुसरा कुणी खोकला. माझ्या बायकोनं, हौसानं, ढोलाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी डोकं टेकवलं.

---

वैशाखात पाडळीला लग्न होतं. पाडळीत त्या दिवशी एकाच मुहूर्तावर दोन लग्नं लागायची होती, एक वरच्या आळीत आणि एक खालच्या. दोन्हीकडचे नवरदेव लग्नाआधी मारुतीच्या पाया पडायला निघणार, आणि मारुतीला जायची वाट एकच, तीही बैलगाडीएवढी.

दुपारचं ऊन डोक्यावर होतं. आम्ही वरच्या आळीतून वाजवत उतरलो. वळणावर आलो आणि समोरून, मारुतीहून परतणारी दुसरी वरात. पुढे तीन म्हातारे आणि एक ढोलवाला. मधला म्हातारा कॉर्नेट वाजवत होता.

मास्तरांना मी वर्षभरात पहिल्यांदाच एवढं जवळून पाहत होतो. वाळले होते. जुना लाल कोट अंगाला मोठा झाला होता. ढोल भाड्याचा दिसत होता, कातडं कोरं. न्यू लावलेलं नव्हतं, काहीच लावलेलं नव्हतं. पण कॉर्नेट अजून तेच बोलत होतं. ते मार्च वाजवत होते, आणि आमच्या कर्ण्यांच्या गोंगाटातून तो सूर सुईसारखा आरपार येत होता.

दोन बँड समोरासमोर आले की काय करायचं, ते ठरलेलं होतं. जुन्या नावाच्या बँडानं वाजवत पुढं जायचं. दुसऱ्यानं वाद्यं खाली करायची, तोंडं जमिनीकडे, आणि वाट द्यायची. याला आम्ही 'उतरणं' म्हणायचो. उतरायची हाक ढोलवाल्यानं द्यायची, नाव त्याच्याजवळ असतं म्हणून. तीन ठोके, सावकाश. एकदा चारचौघांत उतरलेल्या बँडाला पुढच्या हंगामात कुणी बोलावत नसे. लोक म्हणत, उतरलेला बँड आणला तर लग्नही उतरेल.

हे सगळं मास्तरांनीच मला शिकवलं होतं.

जालिंदरनं हात वर केला. पेटी थांबली, बाई थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तात्या, द्या हाक."

मी टिपरू उचललं. एक. दोन. तीन. वर्षभरात पहिल्यांदा माझा ढोल अख्ख्या गावाला ऐकू गेला.

मास्तर वाजवतच राहिले.

मी पुन्हा तीन ठोके दिले. आता दोन्हीकडची माणसं जमली होती. आमच्या नवरदेवाचा बाप ओरडला, "अवो म्हातारं, उतरा की. मुहूर्त टळतोय."

मास्तरांच्या बाजूचा एक पाहुणा म्हणाला, "ते का उतरत्याल? ज्ञानू मास्तर हायत ते."

"ज्ञानू मास्तरांचा बँड हा हाय," मी म्हणालो. "नाव हितं हाय. मोर दिसत न्हाई का?"

मास्तरांनी कॉर्नेट ओठावरून काढलं. त्यांची माणसं थांबली. ते एकटेच चालत पुढं आले, माझ्या अगदी समोर. डोळे बारीक करून त्यांनी ढोलाकडे पाहिलं. मग वाकले आणि बोट लावून अक्षरांवरून फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कच्चं लिंपण चाचपावं तसं. कातड्यातून ते बोट मला पोटाला कळत होतं.

मग त्यांनी वर पाहिलं.

"कोंड्या, हे काय लिहिलंय?"

त्यांनी हे हळू विचारलं होतं, माझ्यापुरतं. मी मोठ्यानं उत्तर दिलं. अख्ख्या गावानं ऐकावं अशी माझी इच्छा होती. बारा वर्षांपूर्वी त्या खोलीत जे जे हसले होते त्यांनी तर ऐकावंच.

"तुमचंच नाव हाय, मास्तर. डोळं गेलं काय? का म्हातारपणी स्वतःचं नाव बी वळखू येईना?"

आमची माणसं हसली. रामू तर हातातली तुतारी सोडून मांडीवर हात मारून हसला. जालिंदरनं तोंडावर रुमाल धरला. गर्दीतली काही पोरंही हसली, शाळेत जाणारी. एवढं मोठं हसू मी कधी कुणाकडून मिळवलं नव्हतं. मला ते गोड लागलं.

मास्तर हसणाऱ्यांकडे बघत नव्हते. ते माझ्याकडेच बघत होते. फार वेळ बघितलं त्यांनी. सूर लागतोय का ते पाहताना जशी मान किंचित तिरकी करायचे, तशी मान होती.

"व्हय," ते म्हणाले. "माझंच हाय."

"मग उतरा."

त्यांनी कॉर्नेटचं तोंड जमिनीकडे केलं. त्यांच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या एकाला वाचता येत होतं. तो म्हणाला, "अरं ज्ञानू, त्यावर तर..."

"उतर म्हणलं ना," मास्तर त्याच्यावर खेकसले.

ते भिंतीला लागून उभे राहिले. आम्ही वाजवत त्यांच्या समोरून गेलो. वाट अरुंद होती. माझा ढोल मास्तरांच्या कोटाला घासला. मी थोडं अंग चोरलं असतं तर घासला नसता.

---

पुढच्या हंगामात मास्तरांना कुणी बोलावलं नाही. ते बाजारच्या दिवशी शाळेच्या भिंतीला बसून छत्र्या दुरुस्त करू लागले. मी तिकडून गेलो की वर न बघता विचारायचे, "ढोल कसा हाय?"

"बरा हाय."

"जड होत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

एवढंच. दर बाजाराला एवढंच. मला वाटायचं, हरलेला माणूस आहे, खवचटपणा करतोय. मीही मुद्दाम तिकडूनच जायचो.

सहा-सात वर्षांनी जालिंदरनं मोटार घेतली. पेटी, कर्णे, बाई सगळं तिच्यावर चढलं. मोटारीच्या तोंडावर नाव रंगवलं, तिथं मोर नव्हता. ढोलाला जागा राहिली नाही. जालिंदरनं माणसाकरवी ढोल माझ्या घरी पाठवून दिला, स्वतः आला नाही. मी तो माळ्यावर ठेवला आणि दुसऱ्याच्या मळ्यात राखणीला जाऊ लागलो. मास्तर त्यानंतर चार-पाच वर्षांनी गेले. त्यांच्या मयतीला बँड नव्हता.

मी अठ्ठावन्न वर्षांचा असताना आमच्या आळीत मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग निघाला. शाळेतल्या कांबळे बाई संध्याकाळी चार वाजता समाजमंदिरात शिकवायच्या. मी गेलो ते सही करता यावी म्हणून. पण पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं, "ज्ञानूमधला पहिला ज्ञ कुठला?"

बाई हसल्या. "आजोबा, तो सगळ्यात शेवटी. आधी बाकीचे शिका."

म्हणून मी थांबलो. ढोलावरची अक्षरं वाचायची ती मास्तरांचं नाव पुरतं येत असेल तेव्हाच, असं ठरवलं. अ, आ झाले. क, ख झाले. चौथ्या आठवड्यात ज आला, बाईंनी जहाज काढून दाखवलं. काना आला, मात्रा आली, अनुस्वार आला. माघात सुरू केलं होतं, चैत्र उजाडला तेव्हा बाईंनी फळ्यावर ज्ञ काढला. मी तो पाटीवर शंभरदा गिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी माळ्यावरून ढोल उतरवला, ओल्या फडक्यानं पुसला आणि उंबऱ्याजवळ उजेडात ठेवला.

मोर फिका झाला होता. अक्षरं तशीच लाल.

मी ज्ञ शोधला. पहिलं अक्षर ज होतं. जहाजातला. मला वाटलं, रंगारी चुकला. दुसऱ्या बाजूचं कातडं पाहिलं. तिथंही ज. मग बोट लावून एकेक अक्षर जोडत गेलो. जा. लिं. द. र. पुढचा शब्द मोठा होता, त्याला पाव तास लागला. जालिंदर म्युझिकल पार्टी. वरती मोर, खाली हे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी मोर होता.

हौसा परसात भांडी घासत होती. ती आत आली आणि मला ढोलापुढं बसलेलं बघून थांबली.

"वाचलं का एकदाचं?" ती म्हणाली.

"तुला ठाऊक हुतं?"

"समद्या आळीला ठाऊक हुतं."

"तुला कुठं वाचता येतंय?"

तिनं हातातली परात भिंतीला टेकून ठेवली. "मास्तरांनी सांगितलं. पाडळीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिशी आलं हुतं. तुमी घरी न्हवता. दारातच हुबं राहिलं, पाणी बी घेतलं न्हाई. म्हणलं, ढोलावर त्या पोराचं नाव हाय, कोंड्याला वाचता येत न्हाई. त्याला सांगू नको."

"सांगू नको म्हणलं?"

"सांगू नको, वाहू दे म्हणलं."

"वाहू दे?"

"व्हय. वाहू दे त्याला."

"आन तू सांगितलं न्हाईस."

"सांगून काय? ढोल खाली ठिवला असता तुमी. पोरींची लग्नं व्हायची हुती."

मी ढोलाकडे पाहिलं. मग विचारलं, "हौसा, मास्तर ते कसं म्हणलं? कीव करून म्हणलं का रागानं?"

"कसं म्हंजी?"

"सूर कसला हुता?"

तिनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, मी तिचा चेहरा बघत होतो.

"म्हणलं आन गेलं," ती म्हणाली.

त्यानंतरही मी तिला पुष्कळदा विचारलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तिच्या शेवटच्या आजारपणातही एकदा विचारलं. मी तिला दोन्ही तऱ्हांनी म्हणूनही दाखवायचो, आधी मऊ, मग कडू, आणि विचारायचो यातलं कुठलं. ती दोन्ही वेळा मान हलवायची. वाहू दे, एवढेच शब्द होते तिच्याजवळ. हौसाला सूर कळत नव्हता.